आपली आवड आणि दुसऱ्याची आवड

मनुष्यास एखादी गोष्ट मनापासून आवडली म्हणजे ती दुसऱ्यास सांगितल्यावाचून त्याच्याने राहवत नाही. आपल्या झाडाचा पहिला आंबा पिकला की तो शेजारच्या घरी पोचवावासा वाटतो. गाण्याचेही तसेच आहे. परंतु आंबा देताना आपण शेजाऱ्याशी भांडत नाही, आणि गाणे सांगताना मात्र हटकून भांडतो, हे कसे? या प्रश्नाचा विचार माझ्या मनात एका लहानशा प्रसंगाने आला.

गेल्या पावसाळ्यात रोह्याहून आगगाडीने पेणला येत होतो. समोरच्या बाकावर हायस्कुलातील तीन मुली बसल्या होत्या. बीटीएस या नावाचा सात तरुणांचा एक कोरियन गायकसंघ 2013 साली पुढे आला आणि नंतर जगभर गाजला. त्याचे कोणते गाणे सर्वोत्तम, यावर त्यांचा कडाक्याचा वाद चालला होता. शेजारी रोह्याचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. नागोठणे मागे पडले तेव्हा ते म्हणाले, "पोरींनो, भांडण कशाचे?" मुली एकदम गप्प झाल्या. आता बोलणी खावी लागणार, असेच त्यांना वाटले असावे. पण आजोबांनी एवढेच विचारले, "तुला कोणते गाणे आवडते, आणि का आवडते?"

"का" हा शब्द ऐकताच त्या मुलीची पंचाईत झाली. इतका वेळ ती तावातावाने बोलत होती, पण कारण असे तिने एकदाही दिले नव्हते. थोडे थांबून ती म्हणाली, "आजोबा, परीक्षेच्या दिवसांत रात्री झोप येत नसे. तेव्हा ते गाणे ऐकले की वाटे, आपल्यासारखे घाबरणारे आणखीही कोणी आहे." आजोबांनी मान डोलावली आणि आपली आवड सांगितली. ते तरुणपणी मुंबईस गिरणीत कामाला होते. त्या दिवसांत त्यांनी ललितकलादर्शचे 'दुरितांचे तिमिर जावो' हे नाटक पाहिले. त्यात भालचंद्र पेंढारकर आईच्या आठवणीचे पद म्हणत. "माझी आई रोह्याला, मी परळच्या खोलीत. पद संपले तेव्हा सदऱ्याची बाही ओली झाली होती," असे ते म्हणाले. पेण येईपर्यंत त्या मुलीने मोबाइलवर ते पद शोधून काढले होते आणि आजोबांच्या कानाशी तिचे कोरियन गाणे वाजत होते.

माझ्या मते त्या अर्ध्या तासात संगीताचे जे शिक्षण झाले, ते पुष्कळशा व्याख्यानांनी होत नाही. आवड सांगणे याचा खरा अर्थ आवडीचे कारण सांगणे हा होय. "हेच श्रेष्ठ" असे म्हटले की ऐकणाऱ्यास मान हलवणे किंवा भांडणे एवढेच उरते. "हे मला यासाठी आवडते" असे म्हटले की ऐकणारा आपल्या घरात पाहुणा म्हणून येतो.

आजोबांनी ज्या मंडळीचे नाव घेतले, तिचीच गोष्ट या बाबतीत बोधप्रद आहे. केशवराव भोसले यांनी 1 जानेवारी 1908 रोजी हुबळी येथे 'ललितकलादर्श' स्थापन केली. तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. पुढे 1913 साली बालगंधर्वांची 'गंधर्व नाटक मंडळी' निघाली. या दोन गायकनटांच्या चाहत्यांचे महाराष्ट्रात जणू दोन पक्षच पडले. एकास केशवरावांची तडफदार तान हवी, तर दुसऱ्यास बालगंधर्वांचा लडिवाळ स्वर. प्रत्येकास आपला गायक म्हणजे संगीताची परिसीमा वाटे. ज्या मुलामुलींस आपला वाद अगदी आजकालचा वाटतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्यांच्या पणजोबांनीही हाच वाद केलेला आहे.

मग 8 जुलै 1921 रोजी मुंबईत एक अपूर्व प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ दोन्ही मंडळ्यांनी मिळून खाडिलकरांचे 'मानापमान' केले. केशवराव धैर्यधर झाले व बालगंधर्व भामिनी. दोन्ही पक्षांचे चाहते एका छपराखाली आले आणि ज्यास आजवर प्रतिस्पर्धी म्हटले, त्याचे गाणे त्यांना आपल्या आवडत्या गायकाच्या गाण्याशेजारीच ऐकावे लागले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, केशवराव निवर्तले. जे चाहते केवळ हट्टापायी त्या रात्री गेले नसतील, त्यांस ती संधी पुन्हा मिळाली नाही. दुसऱ्याची आवड ऐकून घेण्यास आपण समजतो तितका वेळ आपल्या हाती नसतो.

आता एक आक्षेप येईल. चाहते असावेत, पण त्यांच्या अतिरेकाने कलेचे नुकसान होत नाही काय? अवश्य होते. संगीत नाटकांच्या काळी आवडते पद आले की प्रेक्षक 'वन्समोअर'चा घोष करीत. तेच पद पुनःपुन्हा गायिले जाई आणि नाटकाचे कथानक तेथेच खोळंबून राही. ज्यास आपल्या एका पदापलीकडे काही ऐकायचेच नाही, तो चाहता आपल्या आवडत्या मंडळीस पुढे जाऊ देत नाही. ललितकलादर्श टिकली, ती जुन्या पदांच्या पुण्याईवरच नव्हे. तिने मामा वरेरकरांचे हुंड्यावर आघात करणारे 'हाच मुलाचा बाप' रंगभूमीवर आणले. केशवरावांच्या मागे बापूराव पेंढारकरांनी 1922 साली 'सत्तेचे गुलाम' केले. बापूरावांचे पुत्र भालचंद्र यांनी 1960 साली विद्याधर गोखले यांचे 'पंडितराज जगन्नाथ' आणले, तेव्हा त्यास वसंत देसाई यांच्या नव्या चाली होत्या. प्रत्येक वेळी "आमच्या वेळचे गाणे आता राहिले नाही" असे म्हणणारे कोणी तरी असणारच. परंतु नवे ऐकावयास येणारेही होते, म्हणूनच मंडळीने शंभरी पाहिली.

आपल्या ख्रिस्ती उपासनेतील उदाहरण याहून जवळचे आहे. मराठी मंडळ्यांत एके काळी मिशनऱ्यांनी आणलेल्या पाश्चात्य चालींवर भाषांतरित गीते गात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या व भजनाच्या वळणाची गीते दिली. आजही कोणास ऑर्गनवरील संथ चाल भावते, तर कोणास टाळ-मृदंगाची. परंतु 'उपासना संगीत' या एकाच पुस्तकात दोन्ही प्रकारची गीते आहेत, आणि रविवारी दोन्ही आवडींची माणसे तेच पुस्तक हाती धरतात. आपली आवड न सोडता दुसऱ्याच्या आवडीस जागा करून देता येते, याचा हा रोजचा पुरावा होय.

पूर्वी घरात रेडिओ एकच असे. आकाशवाणीवर 'आपली आवड' लागले की निवेदक श्रोत्यांची व त्यांच्या गावांची नावे वाचून दाखवी, आणि कोणा अपरिचिताने मागितलेले गाणे सारे घर ऐके. नावडते गाणेही कानावरून जाई, व कधी कधी तेच पुढे आवडीचे होई. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र यंत्र आहे. सोय झाली खरी. पण एकाच घरातील चार माणसे चार गाणी ऐकतात आणि एकमेकांची आवड कोणासच ठाऊक नसते.

म्हणून पालकांस माझी नम्र विनंती आहे की मुलांच्या गाण्यास "गोंगाट" म्हणण्यापूर्वी ते एकदा शेवटपर्यंत ऐकावे. आणि विद्यार्थिमित्रहो, आजीच्या नाट्यपदास "रडगाणे" म्हणण्यापूर्वी तुम्हीही ते शेवटपर्यंत ऐका. आठवड्यातून एका संध्याकाळी, जेवणानंतर, घरातील एकाने आपले एक गाणे सर्वांस ऐकवावे आणि ते का आवडते हे दोन वाक्यांत सांगावे. गाणे चालू असताना कोणी बोलू नये. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची पाळी. याला खर्च नाही आणि फार वेळही लागत नाही.

सारीच गाणी सारख्या योग्यतेची आहेत, असे माझे म्हणणे नाही. काही गाणी वर्षभरात विरतात, काही तीन पिढ्या पुरतात. परंतु कोणते कोणत्या जातीचे, हे दोन्ही ऐकणाऱ्यासच कळेल. त्या दिवशी पेणच्या फलाटावर उतरताना ती मुलगी मागे वळून म्हणाली, "आजोबा, तुमचे गाणे मी आईला ऐकवते." आजोबा खिडकीतून म्हणाले, "आणि तुझे मी आमच्या नातीला विचारतो. ती रोज काय ऐकते, ते मी आजवर विचारलेच नाही."