सणाची खरेदी आणि पावतीची किंमत

ईद असो वा दिवाळी, सण तोंडावर आला की दुकानांवर ‘५० टक्के सूट’चे फलक झळकतात. सूट मुळात कोणत्या किमतीवर, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आधी भाव चढवायचा आणि मग कापून दाखवायचा, हा जुनाच खेळ आहे. म्हणून टक्के न पाहता खिशातून जाणारी रक्कम पाहावी, असे आम्हाला वाटते. महिनाभर आधी दोन-तीन दुकानांतील भाव टिपून ठेवावेत आणि ते दाखवून नेहमीच्या दुकानदाराशी बोलावे. चाँदरातीला घासाघीस करायला वेळ नसतो आणि दुकानदारालाही ते ठाऊक असते. वेष्टनावरील एमआरपी ही सर्व करांसह कमाल किंमत होय. त्याहून कमी घेण्यास मनाई नाही.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी वाचून ग्राहक गप्प बसतो. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. पावती न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. मात्र केवळ रंग आवडला नाही म्हणून माल परत करण्याचा हक्क या कायद्यात नाही. ते आधीच ठरवून घ्यावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

व्यापारी बांधवांनाही आमची विनंती आहे. उसवलेला कुर्ता हसतमुखाने बदलून देणारा दुकानदार पुढच्या ईदचे गिऱ्हाईक आजच बांधून ठेवतो.