सब्र एकट्या अम्मीनेच का करायचा?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुम्म्याची नमाज सुरू होती. दुसऱ्या रकातमध्ये माझ्या धाकट्या भावाने दोन्ही कान हातांनी दाबून धरले आणि तो मोठमोठ्याने ओरडू लागला. स्पीकरचा कर्कश आवाज त्याला सहन होत नाही. सलाम फिरवताच पुढच्या सफमधले एक बुजुर्ग मागे वळून अब्बूंना म्हणाले, "ऐसे बच्चे को मस्जिद में क्यूं लाते जी?" अब्बू मान खाली घालून उठले. मीही काही बोललो नाही. त्यानंतर कितीतरी दिवस भावाला आम्ही मशिदीत नेलंच नाही.

मशीद बंद झाली, मग शादी-अकीके बंद झाले, मग ईदला नातेवाइकांकडे जाणंही बंद झालं. भाऊ घरात राहिला आणि त्याच्यासोबत अम्मीही राहिली. अब्बू आणि मी मात्र सगळीकडे जात राहिलो. घरी येणारे लोक अम्मीला सांगत, "बाजी, सब्र करो. अल्लाह अपने प्यारों को आजमाता है." हा सल्ला अब्बूंना किंवा मला कधी कुणी दिला नाही. जणू आजमाइश फक्त तिचीच होती.

माझा भाऊ ऑटिस्टिक आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. दोन वर्षांचा होईपर्यंत तो हाक मारली तरी वळून पाहत नव्हता, बोट दाखवून काही मागत नव्हता आणि तासन् तास गाडीचं चाक फिरवत बसायचा. दादी म्हणायची, "लड़के देर से बोलते." मग कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं असर आहे. तावीज झाले, दम केलेलं पाणी झालं, एका आमिलाने तर चांगली रक्कम घेतली. या सगळ्यात तीन वर्षं गेली. पाचव्या वर्षी एका बालरोगतज्ज्ञाने पहिल्यांदा ऑटिझम हा शब्द उच्चारला. लहान मुलाचा मेंदू ज्या वयात सगळ्यात जास्त शिकतो, नेमकं तेच वय आमच्या हातून निसटलं होतं.

दुआ करण्याविषयी माझी तक्रार नाही. अम्मी आजही प्रत्येक नमाजनंतर त्याच्यासाठी दुआ करते. तक्रार आहे ती दुआच्या नावाखाली डॉक्टरकडे जाणं लांबवण्याची. इलाज करून घ्या, ही रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचीच शिकवण आहे. आणि आमिलाला नावं ठेवून शिकलेल्या लोकांनी सुटू नये. स्टेम सेलने ऑटिझम बरा करतो म्हणून लाखो रुपये उकळणारे कोट-टाय घालून बसलेले असतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं म्हटलं आहे. ऑटिझम हा ताप नाही, की औषधाने उतरेल. मेंदूची घडणच वेगळी असते. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, चित्रांनी दाखवलेला रोजचा दिनक्रम आणि घरच्यांचा धीर यांमुळे मूल शिकतं, आपल्या गतीने पुढे जातं.

आईला दोष देणं ही फक्त आपल्या मोहल्ल्याची खोड नाही. अमेरिकेत 1950 आणि 60 च्या दशकांत मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते, की आईच्या थंडपणामुळे मूल ऑटिस्टिक होतं. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. त्यांनी 1964 मध्ये पुस्तक लिहून हा सिद्धांत खोडून काढला. तिथे एक बाप पुढे आला आणि त्याने अभ्यास केला. आपल्याकडे मात्र गरोदरपणात ग्रहणात बाहेर पडलीस का, मोबाइल दिलास का, नोकरी करत होतीस का, हे प्रश्न आजही फक्त आईलाच विचारले जातात.

आता सब्रविषयी. सब्र म्हणजे गप्प बसून सोसत राहणं, असा अर्थ आपण करून ठेवला आहे. सब्र म्हणजे टिकून राहणं, रोज उठून तेच काम पुन्हा करणं. आणि हे काम एकटीवर टाकायला दीनने कुठे सांगितलं? मूल रडल्याचा आवाज आला, तर त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून रसूलुल्लाह नमाज आटोपती घेत. नात उमामाला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढली. अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम या अंध सहाबींच्या निमित्ताने सूरह अबसच्या आयती उतरल्या. पुढे तेच मदिन्यात अजान देत, आणि रसूलुल्लाह बाहेरगावी गेले असताना त्यांच्यावर मदिन्याची जबाबदारी सोपवली जाई. खुतब्यात हे किस्से आपण ऐकतो, डोळे भरून येतात, आणि सलाम फिरवल्यावर एका मुलाला मशिदीबाहेर काढतो.

आपल्या घरांचा आणखी एक प्रश्न आहे, भाषेचा. घरात दखनी, शाळेत मराठी किंवा उर्दू, थेरपिस्टकडे इंग्रजी मिश्रित हिंदी. आम्हाला सांगण्यात आलं, की मुलाशी एकच भाषा बोला, नाहीतर गोंधळेल. अम्मी अडखळत त्याच्याशी पुस्तकी हिंदीत बोलू लागली. ज्या भाषेत ती लाड करते, रागावते, हसते, तीच भाषा बंद झाली. आजवरचा अभ्यास सांगतो, की दोन भाषांत वाढणारी ऑटिस्टिक मुलं एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा त्यामुळे मागे पडत नाहीत. आईने स्वतःच्या जिभेची भाषा बोलावी. भावाने स्वतःहून उच्चारलेला पहिला शब्द "पानी" नव्हता, "नक्को" होता. अस्सल दखनी!

मग आपण तरुणांनी काय करायचं? मला वाटतं, आपल्यासाठी सगळ्यात सोपं आणि घरच्यांसाठी सगळ्यात अवघड असं एक काम आहे. ते म्हणजे कागदपत्रांचं. 1995 च्या अपंगांसाठीच्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये आला आणि 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत त्याचा समावेश झाला. सरकारी रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं, अर्ज ऑनलाइन करता येतो. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. दिव्यांग आहे म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. मूल लहान असेल, तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते.

यातलं किती आपल्या मोहल्ल्यात माहीत आहे? आम्हाला प्रमाणपत्र मिळालं तेव्हा भाऊ 11 वर्षांचा होता. त्याआधी एका शाळेने "हे मूल इतरांना डिस्टर्ब करतं" एवढं सांगून त्याला घरी पाठवलं. अब्बू मुकाट्याने दाखला घेऊन आले. कायदा आपल्या बाजूने आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात होतो, हातात स्मार्टफोन होता, आणि मलाही ठाऊक नव्हतं. ही माझी चूक मी कुणाच्या माथी मारू शकत नाही.

दुसरं काम वेळ देण्याचं. आठवड्यातून दोन तास. चुलत भाऊ असा, मामा असा, शेजारी असा, त्या मुलासोबत बसा, त्याला बागेत न्या, त्याची चाकं त्याच्यासोबत फिरवा. त्या दोन तासांत त्याची आई झोपेल, बाजारात जाईल किंवा नुसती बसून राहील. पैशांच्या मदतीपेक्षा ही मदत मिळणं जास्त दुर्मीळ आहे. आणि बहिणींनो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही हे आधीपासून करताच आहात. मी भावांशी बोलतो आहे.

तिसरं काम मशिदीचं. वर्षभरापूर्वी मी इमाम साहेबांना भेटलो. दहा मिनिटांचं बोलणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आतल्या स्पीकरचा आवाज कमी करायला लावला आणि एका जुम्म्याला खुतब्याआधी या मुलांविषयी चार वाक्यं सांगितली. आता भाऊ शेवटच्या सफमध्ये दरवाजाजवळ, कानांवर हेडफोन लावून माझ्या शेजारी उभा राहतो. कधी सजद्यात जातो, कधी नाही. कधी पाच मिनिटांत बाहेर पडतो, मग मीही त्याच्यासोबत बाहेर पडतो. काही लोक अजून वळून पाहतात. पाहू देत. ज्या दिवशी तो पहिल्यांदा परत आला, त्या दिवशी आणखी एक बाप आपल्या लेकराला घेऊन मला शोधत आला. आमच्याच गल्लीच्या मागे राहणारा. इतकी वर्षं आम्हाला एकमेकांची खबरच नव्हती, कारण दोन्ही घरांनी आपापलं मूल लपवून ठेवलं होतं.

अम्मी रात्री मला एकच प्रश्न विचारते, "मेरे बाद इसका कौन?" भाऊ आता 14 वर्षांचा आहे. तो 18 चा झाल्यावर नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो, तो मी करणार आहे. पण तेवढ्याने तिच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होत नाही. कागदावर एका माणसाची सही पुरते, जगायला मोहल्ला लागतो. ती सब्र करतेच आहे. आता पाळी आपली आहे.