दिवा ‘क्लोज’ का करू नये?

वसतिगृहात रात्री निजायची घंटा झाली की एखादा लहानगा उत्साहाने म्हणतो, ‘क्लोज द लाइट!’ आम्ही शिक्षक पूर्वी हसून सोडून देत असू. आता ते आम्हांस योग्य वाटत नाही.

दोष मुलाचा नाही. मराठीत दार बंद होते, नळ बंद होतो आणि दिवाही बंद होतो. नादुरुस्त पंख्यालाही आपण ‘पंखा बंद आहे’ असेच म्हणतो. ‘दिवा मालवणे’ हा आपला नेमका शब्द मागे पडला आणि सारा भार एकट्या ‘बंद’वर आला. इंग्रजीत मात्र दार ‘क्लोज’ करावे, दिवा ‘स्विच ऑफ’ करावा आणि बिघडलेल्या पंख्यास ‘आउट ऑफ ऑर्डर’ म्हणावे. दिवा लावताना ‘ओपन’ नव्हे, ‘स्विच ऑन’ म्हणावे. इस्त्रीची पिन सॉकेटमधून काढणे म्हणजे ‘अनप्लग’. नुसते ‘स्विच ऑफ’ केल्याने ती सूचना पाळली जात नाही.

प्रश्न केवळ व्याकरणाचा असता, तर या स्मरणिकेत आम्ही जागा अडवली नसती. विद्युतशास्त्रात स्विच ‘क्लोज’ करणे म्हणजे परिपथ पूर्ण करून प्रवाह सुरू करणे आणि ‘ओपन’ करणे म्हणजे तो तोडणे. मुलाच्या मनातील अर्थाच्या हे नेमके उलट आहे! उद्या आमचे विद्यार्थी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा एकलहऱ्याच्या वीजनिर्मिती केंद्रात उभे राहतील. सहकाऱ्याचा हात तारेवर असताना हा एक शब्द चुकला, तर त्याची किंमत गुण कापून भागणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज हा विषयही त्याच खात्याकडे होता. देशाच्या औद्योगिकीकरणासाठी स्वस्त आणि मुबलक वीज हवी, असा त्यांचा आग्रह होता. ती वीज हाताळणाऱ्या हातांना तिची भाषाही अचूक यावयास हवी.

म्हणून आमची सूचना साधी आहे. इंग्रजी व विज्ञानाच्या शिक्षकांनी एकत्र बसून नित्याचे असे पंधरा-वीस शब्द निश्चित करावेत. ते प्रत्येक स्विचबोर्डाशेजारी मराठी अर्थासह मोठ्या अक्षरांत लिहावेत. आणि मूल चुकले, तर हसण्याऐवजी त्याच्यापाशी जाऊन बटण दाबून दाखवावे.