गाठ दिसली म्हणजे निकाल लागला नव्हे

पोमेरेनियन किंवा डॅशहुंडसारखा लहान चणीचा कुत्रा उतारवयात एकाएकी मलूल होतो, पोट फुगते, हिरड्या पांढुरक्या पडतात. सोनोग्राफीत प्लीहेवर गाठ दिसते आणि दयामरणाचा सल्ला दिला जातो. बडोद्यात पशुवैद्यकी करताना मला ही घाई अनुचित वाटत आली आहे.

प्लीहेच्या गाठींत हिमँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांचा घातक कर्करोग वारंवार आढळतो, हे खरे. केवळ शस्त्रक्रियेनंतर असा रुग्ण बहुधा १ ते ३ महिनेच जगतो. केमोथेरपीने काही महिन्यांची भर पडते. परंतु साकळलेल्या रक्ताची साधी गाठही सोनोग्राफीत तशीच दिसते, तशीच फुटते. तेथे मात्र प्लीहा काढली की रोग संपतो. गाठीच्या आकारावरून भेद करता येत नाही. सुईने काढलेल्या नमुन्यात पुष्कळदा रक्तच येते. अंतिम निर्णय हिस्टोपॅथॉलॉजीचाच.

म्हणून माझा आग्रह असा : छातीचा एक्स-रे व हृदय-यकृताची सोनोग्राफी करावी. रोग पसरल्याची चिन्हे नसतील, तर शस्त्रक्रियेची संधी द्यावी आणि काढलेली प्लीहा तपासणीस अवश्य पाठवावी. खर्च व धोका पालकांना आधीच स्पष्ट सांगावा. त्यांनी नकार दिल्यास तोही आदराने स्वीकारावा. आठव्या वर्षानंतर प्रत्येक भेटीत पोट हाताने चाचपावे.

आपल्यापैकी बहुतेक जण माणसांचे डॉक्टर. बायॉप्सीवाचून आपण कर्करोगाचा शिक्का मारीत नाही. मुक्या जिवाला निराळा न्याय का?