कोंबड्यांची ना-हरकत देताना मोजपट्टी जवळ ठेवा

गावात पोल्ट्री वाढवायची म्हटली की हल्ली दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, पोरं नोकरीसाठी वणवण फिरतात, कोणी स्वतःच्या रानात धंदा वाढवतोय तर आडवं का यायचं? दुसरा म्हणतो, एकदा शेड झाली की माशा आणि वास आपल्या मानगुटीवर बसला, मग कोण विचारतो? दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच ग्रामपंचायतीच्या बैठकीत हा विषय शेवटी भावकी आणि गटबाजीवर जातो. अर्जदार आपल्या पॅनेलचा असेल तर ठराव पाच मिनिटांत मंजूर, नसेल तर वर्षभर कागद टेबलाखाली.

सावेडीचे उदाहरण जवळचे म्हणून घेऊ. नगर शहराला लागून असलेले हे एकेकाळचे खेडे. आज मनमाड रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कॉलन्या, दवाखाने, मंगल कार्यालये. २००३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली तोवर सावेडीचे रान बरेचसे प्लॉटांत गेले होते. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, जुन्या माणसाच्या तोंडी अजून नगरच आहे.) सावेडीच्या पुढे वडगाव गुप्ता, निंबळक, पिंपळगाव माळवी या बाजूलाही शहराचा पाय पसरतो आहे. म्हणजे आज जो शेतकरी मोकळ्या माळावर कोंबड्या ठेवतो आहे, त्याच्या बांधाला उद्या बंगला येणार आहे. बंगलेवाला येताना मोकळी हवा बघून येतो आणि आल्यावर वासाची तक्रार करतो. शेतकरी म्हणतो, मी आधी होतो. माणुसकीच्या हिशेबाने त्याचे बरोबर आहे, पण सार्वजनिक उपद्रवाच्या कायद्यात 'मी आधी होतो' एवढ्यावर सुटका होत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे. त्याखाली प्रांत किंवा तहसीलदार उपद्रव थांबवण्याचा हुकूम काढू शकतात. तेव्हा शेड वाढवणाऱ्याने आजचा शेजार पाहून भागत नाही, दहा वर्षांनी तिथे कोण राहायला येणार हेही पाहावे लागते.

आता नियम काय म्हणतो ते बघू. २०२० साली राष्ट्रीय हरित लवादाने कुक्कुटपालनाकडे शेतीचा जोडधंदा म्हणून डोळेझाक करता येणार नाही असे सांगितले, आणि त्यानंतर २०२१ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. पाच हजारांच्या वर पक्षी असतील तर त्या लागू होतात, आणि आपल्याकडे संमतीपत्रासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जावे लागते. नव्या फार्मसाठी निवासी वस्तीपासून ५०० मीटर आणि नदी, तलाव, कालवा, पिण्याच्या पाण्याची विहीर यांपासून १०० मीटर अंतर ठेवावे असे त्यात सांगितले आहे. कागदावर हे ठीक दिसते. पण ५०० मीटरचे वर्तुळ काढले तर त्यात सुमारे १९४ एकर रान येते. आपल्या तालुक्यात एवढे रान एका कुटुंबाकडे कुठे आहे? तीन-चार एकरवाला शेतकरी स्वतःच्या बांधाच्या आत हे अंतर राखूच शकत नाही. त्यात आपल्याकडे निम्मे गाव गावठाणात राहत नाही, मळ्यात वस्ती करून राहते. गावठाणापासून पाऊण किलोमीटर लांब असलेली शेड एखाद्या वस्तीच्या ओट्यापासून सत्तर पावलांवर असते. नकाशात ती 'वस्तीपासून दूर', आणि त्या घरातल्या बाईला मात्र चुलीपुढे बसून भाकरी थापताना एका हाताने माशा वारायच्या. म्हणून ठरावात 'गावठाणापासून अंतर' एवढेच लिहू नका. सगळ्यांत जवळच्या राहत्या घरापासून आणि सगळ्यांत जवळच्या विहिरीपासून किती, ते टेप लावून मोजा आणि आकडा लिहा. ग्रामसेवकांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) एवढे केले तरी निम्मी भांडणे जागेवर मिटतील.

सध्या अर्जांमध्ये आणखी एक शब्द येऊ लागला आहे, 'मुक्त संचार'. गावरान अंड्याला शहरात चांगला भाव आहे, गिऱ्हाईक घरी येऊन नेते. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया, कडकनाथ अशा जाती घेऊन अनेक तरुणांनी धंदा उभा केला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण अर्जावर मुक्त संचार लिहिले म्हणजे कोंबडी मुक्त झाली असे नव्हे. अंड्याचे कवच तपकिरी आहे की पांढरे हे कोंबडीच्या जातीवर असते, ती रानात फिरली की पिंजऱ्यात बसली यावर नव्हे. युरोपात २०१२ पासून जुने बॅटरी पिंजरे बंद झाले. तिथे मुक्त संचाराचे अंडे म्हणून विकायचे तर दर कोंबडीमागे ४ चौरस मीटर मोकळी जागा द्यावी लागते. तोच हिशेब आपल्या भाषेत मांडला तर एक एकरात हजार कोंबड्या. दहा हजारांचा मुक्त संचार म्हणजे दहा एकर कुंपण. आपल्याकडे हे माप सक्तीचे नाही, पण बैठकीत विचारायला काय हरकत आहे? अर्जदाराने अर्ध्या एकरात पाच हजार पक्ष्यांचा मुक्त संचार दाखवला असेल तर तो मुक्त संचार नाही, जाळीबाहेर थोडे अंगण ठेवलेली साधी पोल्ट्री आहे. साधी पोल्ट्री करणे हा गुन्हा नाही, पण मग त्याच नावाने परवानगी मागा.

मुक्त संचाराला त्रास कमी असतो, असाही एक समज आहे. हजार-पाचशे पक्ष्यांपर्यंत तो खराच आहे, कारण विष्ठा रानभर पांगते आणि उन्हाने वाळते. आकडा वाढला की गणित बदलते. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम ओली विष्ठा टाकते. दहा हजार कोंबड्यांची रोज एक टन. आणि कोंबडी रात्रभर आढ्यावर एका जागी बसते, दिवसाही ती शेडपासून फार लांब जात नाही, सावली आणि भांड्याजवळच घोटाळते. म्हणजे दहा एकर मोकळे असले तरी घाण शेडच्या आजूबाजूच्या एका पट्ट्यात साचते. तिथले गवत पहिल्या दोन महिन्यांत संपते आणि मृगाच्या पहिल्या सरीला तिथे चिखल होतो. ज्यांनी वाफे पाडून, जाळ्या सरकवून पक्षी आळीपाळीने फिरवले त्यांचे रान टिकते. अर्जासोबत फिरवण्याचा आराखडा आहे का, एवढे तरी सरपंचांनी विचारावे.

माशांचे मूळ ओलाव्यात आहे. ताज्या विष्ठेत सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणी असते आणि माशीला नेमके तेच लागते. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. विष्ठा वाळवली, चुना टाकला, गळकी निपल वेळच्या वेळी बदलली, खाली भुस्सा कोरडा ठेवला तर माशी होत नाही. हे काही मोठे शास्त्र नाही, रोजच्या कामाचा प्रश्न आहे. हरियाणात पंचकुला जिल्ह्यात बरवाला भागात अंड्यांचे मोठमोठे फार्म एकाजवळ एक उभे राहिले आणि तिथली गावे वर्षानुवर्षे माशांच्या तक्रारी करत आली. एकेक फार्म तपासला तर प्रत्येकाचे कागद पुरे असतील, पण एका शिवारात किती फार्म मावतात हे कोणी मोजले नव्हते. आपल्याकडेही ठराव एकेका अर्जाचा होतो, शिवाराचा कधीच होत नाही.

दाटीचा दुसरा धडा आपल्याच राज्यात आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. तिथे पोल्ट्री दाटीवाटीने होत्या, लाखो पक्षी मारून पुरावे लागले आणि भाव राज्यभर कोसळला. ज्यांच्या एका पक्ष्यालाही शिंक आली नव्हती तेही बुडाले. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला रोग आला, त्याच हंगामात नवापूरला पुन्हा. बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करायचे आणि दहा किलोमीटरवर नजर ठेवायची, अशी तेव्हा पद्धत होती. शेजाऱ्याची शेड चारशे मीटरवर असेल तर त्याचा रोग म्हणजे तुमचे दिवाळे. तेव्हा नवीन शेडला हरकत घेण्याचे सर्वांत मोठे कारण गावातल्या जुन्या पोल्ट्रीवाल्यालाच आहे. गंमत अशी की बैठकीत तोच गप्प बसतो, कारण उद्या त्यालाही वाढवायचे असते.

मुक्त संचारात हा धोका अंमळ जास्तच, कारण रानपाखरे आणि पाणवठा यांच्याशी कोंबडीचा संबंध येतो. युरोपात साथ आली की मोकळ्या कोंबड्याही महिनोन् महिने आत कोंडण्याचे हुकूम निघतात. तसा प्रसंग आला तर सगळे पक्षी आत मावले पाहिजेत. गादी पद्धतीत एका लेयरला दोन चौरस फूट धरतात, म्हणजे दहा हजारांना वीस हजार चौरस फूट छप्पर. नकाशात ते दिसत नसेल तर अर्ज परत करायला हवा.

पाण्याचे वेगळे सांगायला नको. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, वैशाखात त्याच्या दुप्पट. दहा हजारांना उन्हाळ्यात रोज पाच हजार लिटर, शिवाय फॉगर आणि धुणे वेगळे. ज्या गावात एप्रिलमध्ये टँकर येतो तिथे हे पाणी कुठल्या बोअरचे, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

मेलेल्या कोंबड्यांचाही हिशेब असतो. चांगल्या फार्मवरही दहा हजारांत महिन्याला पन्नास-शंभर मरतात. झाकणाचा खड्डा नसला की त्या ओढ्यात जातात, कुत्री ओढून नेतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. आपल्या जिल्ह्यात बिबट्या म्हणजे काय ते सांगायची गरज नाही.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, हा लेखक पोल्ट्रीच्या विरोधात दिसतो. मुळीच नाही. कांद्याचा भाव पडला की घर चालवणारी अंड्याची पेटीच असते, आणि कोंबडीखताला कांदेवाले शेतकरी हात पसरून उभे असतात. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने पशुसंवर्धनाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यात ५० हजारांपर्यंत अंड्यावरचे पक्षी बसतात, आणि वीजदर, कर्जाचे व्याज व ग्रामपंचायतीचा कर यांत शेतीसारखी सवलत देण्याचे धोरण आहे. उशिरा आले, पण योग्य आले. मात्र कर शेतीचा झाला म्हणजे प्रदूषण मंडळाचे संमतीपत्र माफ झाले, असा सोयीचा अर्थ काही मंडळी काढतील. तो बरोबर नाही. तसेच शेती विभागात कुक्कुटपालन चालते, हे २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतही आहे, पण चालते म्हणजे कुठेही, कितीही चालते असे नाही. अकृषिकचा प्रश्न निघाला तर तोंडी उत्तरावर विसंबू नका, तहसील कचेरीतून लेखी घ्या.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो वेळेचा. ग्रामपंचायत ना-हरकत देते, त्यावर बँक कर्ज देते, पोरगा बापाची जमीन गहाण टाकून शेड उभारतो, पक्षी अंड्यावर येतात, आणि मग निवडणुकीनंतर नवे मंडळ ना-हरकत रद्द करायला निघते. अठरा-वीस आठवडे पोसलेला पक्षी काही बंद करून ठेवता येत नाही. हरकत घ्यायची तर पाया खणण्याआधी घ्या. अर्ज चावडीवर लावा, दवंडी द्या, ज्या वस्त्या जवळ आहेत त्यांना लेखी कळवा, महिनाभर मुदत द्या. आलेली प्रत्येक हरकत आणि तिला दिलेले उत्तर ठरावात उतरवा. पक्ष्यांची कमाल संख्या लिहा, कारण पाच हजारांची परवानगी घेऊन बारा हजार भरणारे काही थोडे नाहीत. विष्ठा किती दिवसांनी उचलायची, कुठे कुजवायची तेही लिहा.

शेडच्या जागेबाबत एक साधी गोष्ट. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि वास व माशा तेव्हाच जास्त. म्हणून शेड शक्यतो वस्तीच्या पूर्वेला घ्यावी आणि तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊनही आत येत नाही. वाढीव शेडचा अर्ज आला तर पंचांनी जुन्या शेडवर आषाढात, पावसाची झड लागलेली असताना एक चक्कर मारून यावी. जो पाच हजार पक्षी आषाढात कोरडे ठेवतो त्याला दहा हजारांची ना-हरकत द्यायला काही अडचण नसावी. जो ठेवू शकत नाही त्याने आधी आहे ती शेड नीट करावी आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.