मरणाचा नॉमिनी

मुदत ठेवीच्या फॉर्मवर नॉमिनीचे नाव लिहायचे असते, हे आता खेड्यातल्या म्हातारीलाही ठाऊक आहे. बँकेतली माझी बरीच वर्षे ते नाव लोकांकडून लिहून घेण्यात गेली. पैशाचे काय करायचे ते आपण लिहून ठेवतो. शुद्ध हरपल्यावर आपल्या देहाचे काय करायचे, हा कागद मात्र चांगल्या शिकलेल्या मंडळींच्या कपाटातही सापडत नाही.

अरुणा शानबाग यांच्या वेळी असा कागद कोणाला ठाऊकच नव्हता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेचा गळा 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने आवळला, तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि पुढची सुमारे 42 वर्षे त्या तिथेच खाटेवर होत्या. त्यांची सुटका व्हावी म्हणून पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली, पण काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालात मोकळी केली. अरुणाताई 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेल्या.

त्या परिचारिकांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. पिढ्या बदलल्या तरी त्यांनी अरुणाताईंना भरवले, पुसले, कूस बदलून दिली. विराणीबाईंची कळकळही खोटी नव्हती. पण दोन्ही बाजू बोलत होत्या त्या अरुणाताईंच्या वतीने. स्वतः अरुणाताईंना काय हवे होते?

9 मार्च 2018 च्या निकालाने उपचार नाकारण्याचे इच्छापत्र आधीच करून ठेवायला मान्यता मिळाली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. प्रत्यक्ष उपचार थांबवताना डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. इंजेक्शन देऊन मारण्याची मुभा कायद्यात नाही, आणि ती नसावी असेच माझे मत आहे.

कारण आमच्याकडे मरण पुष्कळदा पैसा ठरवतो. घाटीच्या आवारात बीड-जालन्याहून आलेली माणसे बसलेली असतात. त्यांच्या तोंडी "घरी नेतो" येते तेव्हा त्याला स्वातंत्र्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पोरासाठी एफडी मोडायला आलेला बाप व्याज किती बुडेल ते कधी विचारत नसे. बापासाठी आलेला मुलगा एकदा तरी विचारी. तो वाईट नसे, त्याच्या मागे त्याचा संसार असे. पण खाटेवरच्या बापाला ते ऐकू जाते. म्हणून हा कागद धडधाकट असतानाच करावा.

नॉमिनी पैशाचा मालक नसतो, वारसांच्या वतीने तो फक्त स्वीकारतो, हे काउंटरवर सांगून सांगून माझा घसा बसे. इथेही तसेच. ज्याचे नाव लिहू त्याने आपली इच्छा पुढे न्यायची, स्वतःची नव्हे.

मी धाकट्या बहिणीचे नाव लिहिले. मुलगा दोन दिवस बोलला नाही. तिने एवढेच विचारले, "दादा, नाकातली नळी काढायची म्हणतोस, मग अन्न-पाण्याचे काय?" कागद अजून नोटरीकडे गेलेला नाही, तो तेवढ्याचसाठी.