सुटा भाग की सांधा?

जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या व्यवहारात 'बंद आहे, पार्टसाठी' असा एक शेरा असतो. वस्तू मेली आहे, पण तिचे अवयव विकावयाचे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आत हार्ड डिस्क असलेले, खिशात मावणारे म्युझिक प्लेअर या शेऱ्यासह वर्षानुवर्षे हातोहात फिरत आले आहेत. वरचे कवच शाबूत, पडदा स्वच्छ, बोटाने फिरवावयाचे चक्रही उत्तम. पण चालू करताच आतून टिक-टिक आवाज येतो आणि पडद्यावर एक रडवा चेहरा उमटतो. विकणारा म्हणतो, डिस्क गेली. घेणारा बहुधा त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि येथेच पहिली चूक होते.

या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या दुरुस्तीत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. पैसे देऊन विकत घेतलेली वस्तू किती काळ चालावी हे कोणी ठरवावयाचे? ज्याने ती घेतली त्याने, की ज्याने ती बनविली त्याने? मोटारी आणि ट्रॅक्टर यांच्या संदर्भात हा प्रश्न मोठ्या आवाजात विचारला जातो. पण त्याचे उत्तर जितके स्पष्ट या लहानशा यंत्राच्या पोटात दिसते, तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

ॲपल कंपनीने पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर केला. त्याची क्षमता ५ गिगाबाइट आणि किंमत ३९९ डॉलर होती. हजार गाणी खिशात, ही त्याची जाहिरात. ही किमया शक्य झाली ती तोशिबा या जपानी कंपनीने तयार केलेल्या १.८ इंची हार्ड डिस्कमुळे. आयबीएमने १९५६ साली जगातील पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. अर्ध्या शतकाच्या आत त्याच तत्त्वावरचे यंत्र सदऱ्याच्या खिशात आले. पुढे २००५ साली चुंबकीय कण आडवे न मांडता उभे मांडण्याची युक्ती प्रथम बाजारात आली, तीही तोशिबाच्या अशाच १.८ इंची डिस्कमध्ये. संगीत ऐकण्याच्या हौसेने पदार्थविज्ञानाला दिलेली ही चालना विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावी अशी आहे.

पण खिशात ठेवण्यासाठी याहून नाजूक वस्तू निवडणे कठीण. तबकडी मिनिटाला ४२०० फेरे घेत असते. तिच्यावरून वाचनाचे टोक तरंगत जाते ते हवेच्या इतक्या पातळ थरावर, की माणसाचा केस त्यापुढे डोंगर ठरावा. फिरत्या अवस्थेत यंत्र हातातून पडले, तर टोक तबकडीला घासते आणि त्या ठिकाणची नोंद कायमची पुसली जाते. आयपॉडच्या रचनाकारांनी यावर एक शहाणपणाचा उपाय योजला होता. पहिल्याच आयपॉडमध्ये ३२ मेगाबाइटची स्वतंत्र स्मृती होती. डिस्क थोडा वेळ फिरून पुढची काही गाणी त्या स्मृतीत ओतावयाची आणि पुन्हा झोपी जावयाची. त्यामुळे बॅटरीही वाचे आणि धक्क्याचे भयही कमी होई. अनेक आयपॉड पंधरा-वीस वर्षे तग धरून राहिले, त्याचे बरेचसे श्रेय या झोपेला आहे.

आता दुरुस्तीकडे. टिक-टिक आवाज आला म्हणजे डिस्क मेलीच, असे नव्हे. डिस्क आणि मुख्य फलक यांना जोडणारी पट्टीसारखी केबल किंचित सैल झाली, तरी यंत्र हीच लक्षणे दाखविते. ती काढून पुन्हा नीट बसविल्याने मेलेले म्हणून विकलेले यंत्र चालू झाल्याची उदाहरणे विपुल आहेत. शिवाय डिस्कची प्रकृती सांगणारी सोय यंत्रातच आहे. पाचव्या पिढीच्या आणि त्यानंतरच्या 'क्लासिक' आयपॉडमध्ये मेनू व मधले बटण एकत्र दाबून यंत्र नव्याने सुरू करावे आणि बोधचिन्ह दिसताच मधले बटण व मागे जाण्याचे बटण दाबून धरावे. मग तपासणीची एक गुप्त यादी उघडते. तिच्यात डिस्क किती तास चालली, किती जागा खराब ठरून बदलल्या गेल्या आणि किती जागा संशयित आहेत, याचे आकडे मिळतात. बदललेल्या जागा थोड्या असतील तर घाबरण्याचे कारण नाही, कारण अशा प्रसंगासाठी प्रत्येक डिस्कमध्ये राखीव जागा असतेच. संशयित जागांचा आकडा मात्र दर तपासणीत वाढत असेल, तर डिस्कचे दिवस भरले असे समजावे. ही यादी ग्राहकाला दिलेल्या माहितीपुस्तिकेत नव्हती. ती शोधून काढली आणि एकमेकांना सांगितली ती हौशी लोकांनी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

डिस्क श्वास घेत असेल तोवर पहिले काम तिच्यावरचा ऐवज उतरवून घेण्याचे. गाणी आतल्या एका लपविलेल्या फोल्डरमध्ये असतात. त्यांची नावे चार अक्षरी आणि निरर्थक असतात, परंतु गाण्याचे व गायकाचे खरे नाव फाइलच्या पोटात शाबूत असते. हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. बाजारातले गाणे पुन्हा मिळेल, हे खरे. पण ज्या काळात ही यंत्रे घरोघर आली, त्याच काळात अनेकांनी जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. गावच्या उत्सवातले कीर्तन, एखादी खाजगी मैफल, आजीने म्हटलेल्या ओव्या यांची दुसरी प्रत कोणत्याही कंपनीच्या भांडारात नसते. कॅसेट बुरशीने गेली, संगणक भंगारात गेला आणि उरली ती एवढी एक डिस्क. अशी वेळ आलेल्या घराला 'नवे यंत्र घ्या' हा सल्ला देणे म्हणजे थट्टाच म्हणावी लागेल.

डिस्क खरोखरच गेली असेल तर? येथे गोष्ट सर्वांत उद्बोधक होते. सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलने आयपॉड क्लासिक बंद केला. त्याचे कारण त्याच वर्षी ऑक्टोबरात कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीरपणे सांगितले, त्याचा आशय असा, की लागणारे भाग आता पृथ्वीवर कोठेही मिळत नाहीत. जगातील अतिधनाढ्य कंपन्यांपैकी एकीने हात टेकले. आणि तरीही तोच आयपॉड आज कोणी कारकून वा विद्यार्थी आपल्या टेबलावर दुरुस्त करू शकतो. तो नवी डिस्क शोधीतच नाही. जुनी डिस्क काढून त्या जागी तो एक लहानसा अडॅप्टर बसवितो आणि त्याच्यात कॅमेऱ्यात वापरतात तसले मेमरी कार्ड घालतो. फिरणारा भागच उरत नाही, त्यामुळे पडझडीचे भय संपते आणि क्षमताही पूर्वीपेक्षा वाढविता येते. कार्ड मात्र खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे. वर एक क्षमता छापलेली आणि आत भलतीच, अशी बनावट कार्डे सर्रास विकली जातात आणि ती अर्धी भरल्यावर आधीचीच गाणी खाऊ लागतात.

ज्या भागावाचून निर्मात्याला कारखाना बंद करावा लागला, त्या भागावाचून ग्राहकाचे काम कसे भागले? उत्तर सांध्यात आहे. डिस्क आणि उरलेले यंत्र यांच्यामधला सांधा ॲपलच्या मालकीचा नव्हता. २००५ सालच्या पाचव्या पिढीच्या आयपॉडमधील डिस्क 'एटीए' नावाची भाषा बोलत असे आणि ती भाषा तोवर संगणकांच्या दुनियेत अनेक वर्षे रूढ होती, सर्वांना ज्ञात होती. पलीकडे फिरती तबकडी आहे की मेमरी कार्ड, याची यंत्राला पर्वा नाही. भाषा तीच असली म्हणजे झाले. सुटा भाग नाहीसा झाला तरी सांधा खुला होता, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी तेथे बसणारा नवा भाग घडविता आला.

२००४ साली आलेल्या आयपॉड मिनीची कथाही हेच सांगते. त्यात हिताची कंपनीची एक इंची डिस्क होती आणि तिचे रूप कॅमेऱ्याच्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाचे होते. ती बिघडली की कॅमेऱ्याचे कार्ड तेथे बसे. उलटेही घडले! त्याच सुमारास क्रिएटिव्ह कंपनीचा 'म्यूव्हो-२' हा प्लेअर आतल्या डिस्कच्या सुट्या किमतीहून स्वस्त मिळू लागला. तेव्हा छायाचित्रकारांनी तो केवळ फोडण्यासाठी विकत घेतला आणि डिस्क आपल्या कॅमेऱ्यात घातली. बाजार असा विनोदी असतो.

यावरून ॲपलला औदार्याचे प्रशस्तिपत्र देण्याचे कारण नाही. आयपॉडला एकही स्क्रू दिसत नाही. मागचे धातूचे कवच आणि पुढचा भाग कडेच्या खाचांनी घट्ट अडकविलेले असतात आणि ते प्लॅस्टिकच्या पातळ पात्याने कौशल्याने सोडवावे लागतात. उघडताना घाई झाली तर बॅटरीची वा हेडफोनची नाजूक केबल तुटते. बॅटरी ग्राहकाने बदलावी अशी मुळात कल्पनाच नव्हती. २००३ साली न्यूयॉर्कच्या नाइस्टॅट बंधूंनी त्याविरुद्ध एक लघुपट काढला. कंपनीची सशुल्क बॅटरी-बदल योजना त्याच सुमारास आली आणि ग्राहकांनी लावलेल्या दाव्यात २००५ साली तडजोड झाली. तेव्हा डिस्कचा सांधा खुला राहिला तो तत्त्वनिष्ठेमुळे नव्हे. तयार डिस्क बाहेरून घेणे सोयीचे व स्वस्त होते, म्हणून तो खुला राहिला. ग्राहकाच्या पदरात पडलेले हे दान अपघाताचे होते.

अपघातावर विसंबून राहता येत नाही. आजच्या अनेक यंत्रांत स्मृतीचा भाग मुख्य फलकावर कायमचा डाकलेला असतो. काही ठिकाणी तर त्याहून पुढची मजल गाठली गेली आहे. भाग अस्सल असला आणि नीट बसविला, तरी त्याचा क्रमांक कंपनीच्या आज्ञावलीने मान्य केल्याखेरीज यंत्र त्याला पूर्णपणे स्वीकारीत नाही. कुलूप आपले, किल्ली आपली आणि घरात शिरण्याची परवानगी मात्र सुताराकडून घ्यावयाची, असा हा प्रकार आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०२४ साली कायदा करून या प्रथेला आळा घातला. युरोपीय संघानेही त्याच वर्षी दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला.

भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. डिसेंबर २०२२ मध्ये एक संकेतस्थळही सुरू झाले. त्यानंतर २०२४ साली नेमलेल्या दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये 'दुरुस्तीयोग्यता निर्देशांका'चा अहवाल दिला. वस्तू किती सुलभतेने उघडते, सुटे भाग वाजवी वेळात मिळतात काय, दुरुस्तीची माहिती, अवजारे, जोडणीचे खिळे-स्क्रू आणि आज्ञावलीतील सुधारणा यांना गुण द्यावेत, असे तिने सुचविले. ही दिशा योग्यच आहे. पण या मथळ्यांत सांध्याला स्वतंत्र स्थान नाही आणि ही उणीव लहान नव्हे. सुटे भाग अमुक वर्षे पुरवा, अशी सक्ती केली तरी त्या वर्षांनंतर काय? आयपॉड क्लासिकचे भाग निर्मात्यालाच मिळेनासे झाले, तेथे कोणता कायदा उपयोगी पडला असता?

सांधे खुले ठेवले तर यंत्रे जाड व कुरूप होतील आणि अडाणी हातांनी लिथियम बॅटरी भोसकली जाऊन आग लागेल, असा कंपन्यांचा आक्षेप असतो. त्यातला बॅटरीचा भाग खरा आहे. फुगलेली बॅटरी हा पोरखेळ नव्हे आणि तिला टोकदार अवजार लावू नये. परंतु यावरचा उपाय बॅटरी सहज निघेल अशी बसविणे हा आहे. गोंदाने चिकटवून ठेवण्याने धोका वाढतो. आणि जाडीचे म्हणावे, तर खुला सांधा असलेला आयपॉड त्याच्या काळात सुबकतेचा मानदंड मानला जात होता.

दुसरा आक्षेप सामान्य माणसाचा असतो. सर्व संगीत फोनवर मिळते, मग हे जुने खोड कशाला जपावे? ज्याला नको त्याने जपू नये. पण फोनवरचे संगीत बहुतांशी भाड्याचे असते. वर्गणी थांबली की ते थांबते, आणि कंपनीचा करार संपला की भरलेल्या वर्गणीनेही ते मिळत नाही. शिवाय फेकण्याचा खर्च कोणीतरी सोसतोच. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या पाहणीनुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यापैकी जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला.

आपल्याकडे घड्याळजी, रेडिओ दुरुस्त करणारा आणि स्टोव्हवाला यांनी निम्नमध्यमवर्गाचे संसार सावरले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून शिकलेल्या मुलांच्या पिढ्या झाल्या. त्यांच्या हातांत कसब होते, पण ते कसब चालले ते रेडिओचा व्हॉल्व्ह कोणत्याही कंपनीचा असला तरी त्याच खोबणीत बसत होता म्हणून. निर्देशांकाचे गुण अंतिमतः ठरविताना विभागाने प्रत्येक वस्तूबाबत एवढे तरी विचारावे, की झिजणारा भाग ज्या जागी बसतो त्या जागेची मापे आणि भाषा प्रसिद्ध केलेली आहे काय, आणि दुसऱ्याने बनविलेला भाग यंत्र विनातक्रार स्वीकारते काय. उत्तर नकारार्थी असेल तर इतर मथळ्यांखाली कितीही गुण मिळोत, खोक्यावर तो नकार ठळक छापला गेला पाहिजे.